जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी: फोटो एडिटिंग करणाऱ्यांसाठी पहिल्यापासून

लाइटरूम हा फोटो एडिटिंगचा प्रोग्राम उघडला की लॅपटॉपच्या तळातून बारीक खरखर ऐकू येते, फोटोंच्या जागी करडे चौकोन दिसतात आणि ते एकेक करून सावकाश भरत जातात. पुढच्या फोटोवर जायला बाणाचं बटण दाबावं, तर आधी फोटो धूसर दिसतो आणि स्पष्ट व्हायला वेळ घेतो. दोनशे फोटोंतून वीस निवडायचे असले, तरी निवडण्यापेक्षा वाट बघण्यातच संध्याकाळ जाते. असा लॅपटॉप आता बदलायलाच हवा असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्यात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपची ड्राइव्ह, बसवून तोच लॅपटॉप आणखी काही वर्षं चांगलं काम देऊ शकतो. ज्यांनी कधी लॅपटॉप उघडलेला नाही त्यांनाही हे जमतं. क्रम मात्र चुकवायचा नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. एसएसडीमुळे फाइल शोधण्यात, वाचण्यात आणि लिहिण्यात जाणारा वेळ वाचतो. फोटोवर होणारी आकडेमोड प्रोसेसर करतो, ती आहे तेवढीच राहते. शिवाय एसएसडी बसवली म्हणजे सगळं आपोआप वेगवान होईल असंही नाही. कॅटलॉग (फोटोंची आणि त्यांवरच्या बदलांची नोंदवही), प्रीव्ह्यू (पडद्यावर दाखवायच्या प्रती), कॅश (तात्पुरती साठवण) आणि मूळ रॉ फाइली (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) कुठे ठेवता यावर निम्मा फायदा अवलंबून आहे, आणि नेमका हाच भाग बहुतेक जण सोडून देतात.

आधी दुखणं ओळखा

खरेदीच्या आधी थोडा वेळ या तपासणीला द्या. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' टॅबवर जा आणि ती खिडकी बाजूला ठेवून नेहमीचं काम सुरू करा. कार्डातून फोटो घ्या, एकेक फोटो उघडून बघा, एखादा स्लायडर हलवा, पाचदहा फोटो एक्सपोर्ट करा. प्रत्येक कामाच्या वेळी कुठला आकडा वर चढतो ते पाहा.

फोटो उघडताना डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर २०-३० टक्क्यांवर असेल, तर अडथळा डिस्कचा आहे. हा लेख तुमच्यासाठीच आहे. स्लायडर हलवताना किंवा एक्सपोर्ट करताना प्रोसेसर १०० टक्क्यांना टेकत असेल आणि डिस्क निवांत असेल, तर एसएसडीने त्या कामात फारसा फरक पडणार नाही. एआयवर चालणारं नॉइज रिडक्शनही याच गटातलं. ते काम प्रामुख्याने ग्राफिक्स कार्डावर चालतं.

तिसरी शक्यता फसवी आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही १०० टक्के. इथे डिस्क दोषी दिसते, पण मूळ कारण रॅम कमी पडणं हे असतं. रॅम संपली की विंडोज डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये माहिती लिहून जागा करते. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्ये उघडला तर एका लेयरला सुमारे १४४ एमबी लागतात. पाचसहा लेयर, त्यात हिस्टरी, शेजारी उघडा ब्राउझर, आणि ४ जीबी रॅम कधीच संपलेली असते. अशा लॅपटॉपला एसएसडीने दिलासा मिळतो, पण रॅम ८ किंवा १६ जीबी करता येत असेल तर दोन्ही कामं एकदमच करा. झाकण तसंही उघडणार आहातच.

हार्ड डिस्क एवढी मागे का पडते

जुन्या लॅपटॉपमधली बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि ते डोकं योग्य वर्तुळापर्यंत सरकायला आणखी दहाबारा मिलिसेकंद. त्यामुळे विखुरलेले तुकडे वाचायचे झाले तर सेकंदाला साठसत्तर तुकड्यांपलीकडे ती जाऊ शकत नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिथे तुकडा शोधायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो, म्हणजे सेकंदाला हजारो तुकडे.

फोटो एडिटिंगला हे इतकं लागू पडतं याचं कारण कॅटलॉगमध्ये आहे. लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग हा एसक्यूलाइट प्रकारचा डेटाबेस आहे. डार्कटेबल या मोफत प्रोग्रामचीही तीच रचना आहे. एखादा कीवर्ड शोधला, तारांकन दिलं, ग्रिड खाली सरकवली की प्रोग्राम डेटाबेसमधले आणि प्रीव्ह्यूमधले शेकडो छोटे तुकडे मागतो. नेमक्या याच कामात हार्ड डिस्क सर्वांत दुबळी आहे. सलग मोठी फाइल वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जाते आणि साटा ३ या जोडणीवरची एसएसडी ५५० एमबीपर्यंत, म्हणजे पाचपट. तुकड्यांच्या कामात हे अंतर पाचपटीवर थांबत नाही, ते शेकडोपटीचं होतं. म्हणून एसएसडीच्या खोक्यावरचा मोठा आकडा बघून निर्णय घेऊ नका. तो सलग वाचनाचा असतो.

तुमच्या लॅपटॉपमध्ये काय बसतं

लॅपटॉपच्या तळावर मॉडेल क्रमांक असतो. तो टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. बऱ्याच कंपन्या ते पीडीएफ स्वरूपात देतात, आणि त्यात कुठला स्क्रू कुठे आहे याच्या आकृत्यांसह ड्राइव्हचा प्रकार दिलेला असतो. चारपाच प्रकार आढळतात.

जुन्या लॅपटॉपमध्ये सर्वांत जास्त दिसते ती अडीच इंची साटा हार्ड डिस्क. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी जशीच्या तशी बसते. जाडीकडे मात्र लक्ष द्या. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असू शकते आणि नवी एसएसडी साधारणपणे ७ मिलिमीटर असते. ती सैल पडली तर कनेक्टरवर ताण येतो. अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट त्यासाठी मिळते, काही एसएसडीच्या खोक्यात ती असतेही.

काही लॅपटॉपमध्ये एम.२ खाच असते. इथे खूप जण फसतात. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटावर चालणारी एसएसडी येते आणि एनव्हीएमई या अधिक वेगवान जोडणीवर चालणारीही. जुन्या लॅपटॉपमधली खाच केवळ साटाची असेल तर एनव्हीएमई ड्राइव्ह बसेल, स्क्रूही लागेल, पण लॅपटॉपला ती दिसणारच नाही. ड्राइव्हच्या टोकाला दोन कापे असतील तर ती बहुधा साटाची, एकच काप असेल तर बहुधा एनव्हीएमई. खात्री मात्र मॅन्युअलमधूनच करा. लांबीही तिथेच बघा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, २२४२ म्हणजे लांबी निम्म्याच्या जवळपास. त्याआधीच्या काही मॉडेलांत एमसाटा नावाची वेगळी खाच असे. एम.२ ड्राइव्ह तिच्यात बसत नाही.

मॅकबुक प्रो २०१२ च्या मध्याचा, रेटिना नसलेला असेल तर त्यात साधी अडीच इंची साटा एसएसडी बसते. रेटिना मॉडेलांत अॅपलने स्वतःचा वेगळा कनेक्टर वापरला आहे. आणि ज्या स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये ईएमएमसी स्टोरेज बोर्डावरच जडवलेलं असतं, तिथे ते काढता येत नाही. त्यात वेगळी रिकामी खाच आहे का एवढंच बघायचं उरतं.

२०११ च्या आधीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये साटा २ असते. तिथे वेग सेकंदाला २७०-२८० एमबीच्या वर जात नाही. त्यामुळे निराश होऊ नका. विखुरलेले तुकडे शोधण्यातला फायदा तिथेही जवळपास तेवढाच मिळतो, आणि वर बघितलं तसं फोटोच्या कामात तोच महत्त्वाचा.

किती मोठी आणि कोणती

विंडोज आणि सगळे प्रोग्राम मिळून ८० ते १०० जीबी धरा. कॅटलॉग, प्रीव्ह्यू आणि कॅश काही दहा जीबी सहज घेतात. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची लॉसलेस कॉम्प्रेस केलेली रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे ५०० फोटोंचा एक कार्यक्रम १४ जीबीच्या आसपास. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग पडतो, म्हणून १५ टक्के तरी जागा रिकामी राहायला हवी. हा हिशेब केल्यावर २५० जीबी अपुरी ठरते. ५०० जीबी ही किमान पातळी समजा. वरचेवर कार्यक्रमांचं चित्रण करत असाल तर १ टीबी घ्या.

प्रकारांत टीएलसी आणि क्यूएलसी ही दोन नावं दिसतील. क्यूएलसीत एका पेशीत चार बिट ठेवतात, टीएलसीत तीन. क्यूएलसी ड्राइव्ह सुरुवातीला कॅशच्या जोरावर जोरात लिहिते, पण एकाच वेळी खूप फोटो टाकले आणि कॅश भरली की काहींचा वेग सेकंदाला १०० एमबीच्याही खाली येतो, म्हणजे ज्या डिस्कला कंटाळून हा खटाटोप केला तिच्याइतकाच. मूळ फोटो वाचण्यापुरती क्यूएलसी चालते, पण कॅटलॉग आणि स्क्रॅचसाठी (फोटोशॉपची तात्पुरती कामाची जागा) मी टीएलसीच घ्यायला सांगेन. साटाच्या ड्राइव्हमध्ये स्वतःची डीरॅम कॅश (वेगवान तात्पुरती मेमरी) असलेली मिळाली तर उत्तम.

लिहून लिहून एसएसडी झिजते ही भीती नवख्यांना असते. सॅमसंगच्या ८७० इव्हो या १ टीबी ड्राइव्हला कंपनी ६०० टीबी लेखनाची हमी देते, क्रूशियलच्या एमएक्स५०० ला ३६० टीबीची. रोज ५० जीबी लिहिलं तरी ३६० टीबी गाठायला १९ वर्षांहून जास्त लागतील. तेव्हा झिजेच्या धास्तीने कॅश दुसरीकडे हलवण्यात अर्थ नाही.

अनोळखी नावाच्या, क्षमता अवाच्या सवा सांगणाऱ्या ड्राइव्हपासून मात्र दूर राहा. काहींच्या आत कमी क्षमतेची चिप असते आणि विंडोजला खोटा आकडा दाखवलेला असतो. ती जागा संपेपर्यंत सगळं ठीक चालतं आणि त्यानंतर टाकलेले फोटो उघडत नाहीत. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या छोट्या प्रोग्रामने ड्राइव्ह पूर्ण भरून वाचून बघता येते. ही तपासणी ड्राइव्ह रिकामी असतानाच करा.

हात लावण्याआधी

जुन्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये बघा. 'गुड' दिसलं तर पुढे चला. 'कॉशन' दिसत असेल आणि रिअॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे बिघडलेल्या किंवा संशयित जागांचा, आकडा शून्याच्या वर असेल, तर क्लोन करण्याच्या, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत नव्या ड्राइव्हवर उतरवण्याच्या, भानगडीत लगेच पडू नका. क्लोन करताना डिस्कचा कोपरान् कोपरा वाचला जातो आणि आजारी डिस्क त्याच ताणात बंद पडू शकते. आधी फोटो आणि कॅटलॉग बाहेरच्या डिस्कवर हाताने उतरवून घ्या, सर्वांत मोलाचे सर्वांत आधी. डिस्क निरोगी असली तरी बॅकअप घ्यायचाच. आणि तो उघडून बघायचा: वेगवेगळ्या फोल्डरांतले चारसहा फोटो बॅकअपच्या डिस्कवरून थेट उघडा. आकडे जुळले म्हणजे फाइली शाबूत आहेत असं होत नाही.

बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही पाहा. बऱ्याच लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत चालू असतं. ते उघडणारी रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कागदावर उतरवून घ्या आणि क्लोन करण्याआधी एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या.

क्लोन की कोरी विंडोज

जुनी विंडोज व्यवस्थित चालत असेल तर क्लोन सोपं. सगळे प्रोग्राम, प्रीसेट, फाँट जागच्या जागी राहतात. पण वर्षानुवर्षांचा कचरा साचलेला असेल, तर कोरी विंडोज टाकण्याची ही सर्वांत चांगली संधी आहे. विंडोज १० किंवा ११ चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, त्यामुळे ड्राइव्ह बदलल्यावर इंटरनेट जोडलं की ते बहुधा आपोआप चालू होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल, तर एडिटिंगसाठी लिनक्स आणि डार्कटेबल हा पर्याय गंभीरपणे बघण्यासारखा आहे. कोऱ्या ड्राइव्हवर तो करून पाहायला धोका काहीच नाही, कारण जुनी डिस्क जशीच्या तशी बाजूला असते. कोरी विंडोज टाकणार असाल तर जुन्या विंडोजमध्ये अडोबीच्या खात्यातून साइन आउट करायला विसरू नका, आणि प्रीसेटचे फोल्डर आठवणीने उतरवून घ्या.

क्लोनसाठी यूएसबीला साटा जोडणारी केबल लागते. एम.२ ड्राइव्हसाठी तिच्या प्रकाराची डबी. ती यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. यूएसबी २ वर तेच काम अनेक तास घेईल. नवी ड्राइव्ह 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये दिसते ना ते पाहा. एसएसडीच्या कंपनीचा स्वतःचा क्लोनिंग प्रोग्राम असेल तर नवख्याने तोच वापरावा. क्लोनझिला मोफत आणि भरवशाचा आहे, पण त्याचा पडदा अक्षरांचा असतो, आणि नेहमीच्या पद्धतीत नवी ड्राइव्ह जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. जुनी डिस्क १ टीबी आणि नवी ५०० जीबी असेल तर आधी फोटो बाहेर हलवून जुनीवरचा भार कमी करा आणि पार्टिशन लहान करू शकणारा प्रोग्राम निवडा.

चार्जर लावा. स्लीप बंद करा. जुन्या डिस्कवर एकदा चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवून घ्या.

आता या सगळ्या कामातला सर्वांत नाजूक क्षण: कुठून कुठे. प्रोग्राम दोन ड्राइव्ह दाखवेल, एक 'सोर्स' आणि एक 'डेस्टिनेशन'. यांची अदलाबदल झाली तर कोऱ्या ड्राइव्हची प्रत तुमच्या फोटोंवर लिहिली जाईल. 'डिस्क ०', 'डिस्क १' या क्रमांकांवर विसंबू नका. दोन्हींचे मॉडेल क्रमांक आधी कागदावर लिहून ठेवा आणि पडद्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून मगच पुढचं बटण दाबा. बॅकअपची बाहेरची डिस्क या वेळी जोडलेली नसावी. मग चुकूनही तिला काही होणार नाही.

क्लोन पूर्ण झालं की लॅपटॉप बंद करा. दोन्ही ड्राइव्ह जोडलेल्या ठेवून पुन्हा सुरू करू नका. दोघींची ओळखखूण एकच असली की विंडोज त्यांतली एक 'ऑफलाइन' करून टाकते आणि नवखा माणूस उगाच गोंधळतो.

उघडून बसवणं

लॅपटॉप 'शट डाउन' करायचा, स्लीपमध्ये टाकायचा नाही. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा, मग पॉवरचं बटण दहापंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला प्रवाह निघून जाईल. टेबल मोकळं आणि उजेडातलं असावं. खाली मऊ कापड चालेल, लोकर नको. आत हात घालण्याआधी घरातल्या एखाद्या उघड्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या.

बहुतेक स्क्रूंना पीएच०, मोठ्यांना पीएच१ मापाचा ड्रायव्हर लागतो. माप एकदम नीट बसलं पाहिजे. सैल ड्रायव्हरने स्क्रूचं डोकं घासलं गेलं की तो निघणं कठीण होतं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी लावला तर तो वरच्या बाजूने कीबोर्डच्या पट्टीला खुपू शकतो. म्हणून एका कागदावर लॅपटॉपच्या तळाचा ढोबळ आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवत जा. प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो काढा.

काही मॉडेलांत डिस्कचं वेगळं छोटं झाकण असतं. ते असेल तर तुमचं काम दहा मिनिटांचं. नसेल तर पूर्ण तळ काढावा लागतो. सगळे स्क्रू काढूनही तळ हलत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलाय. तो रबरी पायाखाली, स्टिकरखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या कप्प्यात दडलेला असतो. मग बिजागरीच्या विरुद्ध बाजूने प्लास्टिकची पातळ पट्टी कडेत सरकवा आणि हळूहळू फिरवा. कटकट असा आवाज येईल, ते आतले खटके सुटल्याचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इथे वापरू नका. कड कायमची चेपते, आणि टोक आत घसरलं तर बोर्डाला ओरखडा जातो.

बॅटरी आत असेल तर सगळ्यात आधी तिचा बोर्डावरचा कनेक्टर सोडवा. तारा धरून ओढायच्या नाहीत, कनेक्टरच्या प्लास्टिकला दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकवायचं.

हार्ड डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते. चौकटीचे स्क्रू काढा, डिस्क कनेक्टरपासून आडवी मागे सरकवा आणि मगच वर उचला. आधीच वर उचलली तर कनेक्टर वाकतो. चौकटीच्या बाजूंचे चार स्क्रू काढून एसएसडी तिच्यात बसवा, दिशा तीच ठेवा, आणि आत सरकवा. साटाच्या कनेक्टरला एल आकाराची खाच असते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. एम.२ ड्राइव्ह साधारण तीस अंशांच्या कोनात खाचेत सरकवायची, सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या की हलक्या हाताने आडवी दाबून टोकाचा स्क्रू लावायचा. स्क्रू बोटांच्या जोराइतकेच आवळा.

तळ लावण्याआधी बॅटरी जोडली का ते बघा. हे विसरणं फार सोपं आहे.

पहिल्यांदा सुरू करताना

सुरू करताना एफ२, एफ१० किंवा डिलीट, जे तुमच्या मॉडेलला चालतं ते बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा. नवी ड्राइव्ह नावाने दिसली पाहिजे. नाही दिसली तर ती नीट आत सरकलेली नाही, पुन्हा उघडून बसवा. साटाचा मोड (ड्राइव्हशी बोलण्याची पद्धत) 'एएचसीआय' असावा. तो 'आयडीई'वर असेल आणि विंडोज क्लोन केलेली असेल तर थेट बदलू नका, विंडोज सुरूच होणार नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करून मग तो बदलावा लागतो. कोरी विंडोज टाकणार असाल तर टाकण्याआधीच एएचसीआय करून घ्या.

विंडोज सुरू झाली की 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' उघडा. ड्राइव्हपुढे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलेलं दिसायला हवं. म्हणजे विंडोज तिला ट्रिम देईल (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं कळवेल), डीफ्रॅगमेंट (फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) करणार नाही. बाहेरचा एखादा डीफ्रॅगमेंटर आधीपासून टाकलेला असेल तर तो काढून टाका. लिनक्सवर ट्रिमचं काम करणाऱ्या एफएसट्रिमचा टायमर चालू आहे का ते पाहा.

मोठ्या ड्राइव्हवर क्लोन केल्यावर शेवटी मोकळी जागा शिल्लक दिसेल, आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करायला गेलात तर तो पर्याय पुसट असेल. कारण सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्या मधे रिकव्हरीचं छोटं पार्टिशन बसलेलं असतं. ते पुसू नका. पार्टिशन सरकवू शकणाऱ्या प्रोग्रामने ते शेवटी न्या आणि मग सी वाढवा.

फाइलींची मांडणी

आता खऱ्या फायद्याचं काम. लाइटरूम क्लासिकमध्ये कॅटलॉग आणि त्याच्या शेजारचं प्रीव्ह्यूंचं फोल्डर एसएसडीवर हवं. क्लोन केलं असेल तर ते तिथे आहेच, पण ज्यांनी जागा नाही म्हणून पूर्वी ते बाहेरच्या डिस्कवर हलवलं होतं त्यांनी परत आणावं. लाइटरूम बंद करून संपूर्ण फोल्डर उचला, एकटी कॅटलॉगची फाइल नव्हे.

मग 'प्रेफरन्सेस'मधल्या 'परफॉर्मन्स'मध्ये कॅमेरा रॉ कॅशची मर्यादा वाढवा. मुळात ती फारच कमी ठेवलेली असते. २० जीबी ठेवली तर नुकताच हाताळलेला फोटो डेव्हलप या एडिटिंगच्या विभागात पुन्हा उघडताना फरक जाणवतो. फोटोशॉपमध्ये 'स्क्रॅच डिस्क्स'मध्ये एसएसडीला पहिला क्रम द्या. गिंपमध्ये स्वॅपचं (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर तिथेच न्या.

रॉ फाइलींसाठी साधा नियम ठेवा. ज्यावर काम चालू आहे ते एसएसडीवर, जे संपलं ते मोठ्या डिस्कवर. हलवताना लाइटरूमच्या फोल्डर पॅनेलमधूनच ओढा, विंडोजच्या एक्सप्लोररमधून नको, नाहीतर कॅटलॉगला फोटो सापडत नाहीत आणि प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह येतं. संपलेल्या कामावर पुन्हा कधी हात फिरवावा लागेल असं वाटत असेल, तर हलवण्याआधी स्मार्ट प्रीव्ह्यू (रॉ फाइलींच्या लहान प्रती) करून ठेवा. त्यांची लांब बाजू २५६० पिक्सेल असते, जागा थोडी घेतात, आणि मूळ डिस्क जोडलेली नसतानाही त्यांच्यावर एडिटिंग करता येतं. दुबळ्या प्रोसेसरच्या लॅपटॉपसाठी तर ही मोठीच सोय आहे. मूळ फाइल हाताशी असतानाही एडिटिंगला स्मार्ट प्रीव्ह्यूच वापरा असा पर्याय परफॉर्मन्समध्ये आहे. तो निवडला की स्लायडर बरेच हलके चालतात. एसएसडी जिथे मदत करू शकत नाही, तिथे हा उपाय कामी येतो.

लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल आणि ती वापरत नसाल, तर तिच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसवून जुनी हार्ड डिस्क आतच ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत येते, आपली मोजून घ्या. एसएसडी मूळ जागीच ठेवा आणि हार्ड डिस्क कॅडीत, कारण काही मॉडेलांत डीव्हीडीच्या कनेक्टरचा वेग कमी असतो.

इतकं करूनही कार्डातून फोटो घ्यायला वेळ लागत असेल, तर कार्ड रीडर तपासा. यूएसबी २ चा रीडर सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर जात नाही, म्हणजे ५०० फोटोंचे ते १४ जीबी उतरायला सहा मिनिटांच्या वर लागतात, ड्राइव्ह कितीही चांगली असो. यूएसबी ३ चा रीडर घ्या आणि तो यूएसबी ३ च्याच पोर्टला लावा. जुन्या लॅपटॉपमध्ये ते पोर्ट अनेकदा निळं असतं.

जुनी डिस्क आणि बॅकअप

काढलेली डिस्क लगेच पुसू नका. महिनाभर तशीच ठेवा. एखादं विसरलेलं फोल्डर, एखादा प्रीसेट लागतोच. तिची तब्येत चांगली असेल तर त्यानंतर ती यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपच्या कामाला लावा.

बॅकअपचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. हार्ड डिस्क बिघडण्याआधी बऱ्याचदा खडखडते, मंदावते, इशारा देते. एसएसडी आज व्यवस्थित चालते आणि उद्या दिसेनाशी होऊ शकते, आणि तिच्यातून माहिती परत मिळवणं जास्त अवघड असतं. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर.

कॅटलॉगच्या बॅकअपची जागा वेगळी तपासा. लाइटरूम क्लासिक तो मुळात कॅटलॉगच्याच फोल्डरमध्ये 'बॅकअप्स' नावाने ठेवतो, म्हणजे एसएसडी गेली तर दोन्ही एकदम जातील. ही जागा प्रेफरन्सेसमध्ये शोधत बसू नका. लाइटरूम बंद करताना बॅकअपची जी खिडकी येते तिच्यातच 'चूज' हे बटण असतं, तिथून ती बाहेरच्या डिस्कवर वळवा.